पूर्ण वाक्याला माफी

लातूर जिल्ह्यात इंग्रजी भाषा खऱ्या अर्थाने आणली ती सरवदे सरांनी, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. जबाबदारीने लिहायचं तर व्याप्तीही सांगितली पाहिजे. नववी ब. पटावर सत्तेचाळीस मुलं, आणि दुष्काळ असल्यामुळे बाकांवर तीस-बत्तीस. एवढ्या प्रदेशात इंग्रजी आली. उरलेल्या जिल्ह्यात ती अजून यायची आहे.

जिल्हा तेव्हा नवाच होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं झाल्याला दोन-तीन वर्षं झाली होती आणि स्वागताच्या कमानींवरचा रंग अजून उडाला नव्हता. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्याचाच राहिला होता, म्हणजे येत नव्हता. आमची शाळा शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या एका गावात, एका खाजगी संस्थेची. सरवदे सर आणि मी एकाच जूनमध्ये तिथे लागलो. ते इंग्रजीला, मी इतिहासाला. दोघेही तात्पुरते. दोन वर्षं नीट गेली की संस्था कायम करते, असा रिवाज होता. नीट म्हणजे काय, ते संस्थेचे अध्यक्ष ठरवत.

सर जळकोटच्या बाजूचे. बुटके, काटक, पांढऱ्या शर्टाला अशी इस्त्री की ते वाकले तरी शर्ट वाकत नसे. वडील शेतमजूर, छप्पन साली बौद्ध झालेले. घरात पहिला पदवीधर हा. सायकलवरून येत, आणि खांद्याला लहान मुलांची असते तसली निळी प्लॅस्टिकची वॉटरबॅग अडकवलेली. पस्तिशीचा माणूस, खांद्याला निळी वॉटरबॅग. पोरं हसायची. स्टाफरूममध्ये भरलेला माठ असताना हे घरून पाणी आणतात, म्हणून हेडमास्तर आमच्यापुढे त्यांच्या टापटिपीचा दाखला देत. मीही ते बरेच महिने टापटीपच समजत होतो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला वर्तमान जरा उशिरा कळतं.

वर्गावर आल्यावर सर हजेरी घेत नसत. दारातच थांबत, चष्मा पुसत आणि विचारत, "मी आलो तेव्हा काय चाललं होतं?"

उत्तर इंग्रजीत द्यायचं. पूर्ण वाक्यात द्यायचं. आणि खरं द्यायचं. या तीन अटी पाळल्या तर केलेल्या गुन्ह्याला माफी. अर्धं वाक्य आलं तर अर्धी शिक्षा. मराठीत कबुली दिली तर पूर्ण.

हा नियम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते थोतांड वाटलं. मी नवीन कल्पनांकडे साधारण अशाच नजरेने बघतो. पण महिनाभरात माझ्या वर्गाबाहेर पोरं घुटमळायला लागली. "सर, चिमटा काढायला इंग्रजीत काय म्हनतेत?" "सर, थुंकनं?" "सर, दुसऱ्याचा डबा खाऊन राहिलतो, हे कसं सांगावं?" आधी शब्द मिळवायचा, मग चिमटा काढायचा, असा क्रम बसला होता. ज्या गोष्टीला क्रियापद सापडत नसे ती पोरं सहसा करत नसत. शाळेच्या इतिहासात शिस्त आणि शब्दसंग्रह एकाच वेळी वाढल्याचं हे एकच उदाहरण.

पाठ्यपुस्तकात या चालू भूतकाळाचा अर्थ 'मी करीत होतो' असा छापला होता. 'करीत' हा शब्द आमच्या पोरांनी फक्त रेडिओच्या बातम्यांत ऐकलेला. सर म्हणत, "करीत-बिरीत सोडा. तू काय करून राहिलतास, ते सांग." मग पोरांना एकदम कळे. शिवाय सरांची एक हट्टाची गोष्ट होती. नुसतं 'वुई वेअर शाउटिंग' त्यांना चालत नसे. पुढे 'व्हेन' पाहिजे. आम्ही ओरडत होतो, कधी? जेव्हा सर आले तेव्हा.

"नुसतं चाललं होतं, चाललं होतं, याला काय अर्थ आहे?" ते मला एकदा सायकल ढकलत म्हणाले. "आपल्याकडे सगळं चाललंच होतं. शेकडो वर्षं चाललं होतं. कुणीतरी आत यायला पाहिजे ना."

मी हसलो. ते हसले नाहीत, म्हणून मग मीही थांबलो.

पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला गावची विहीर तळाला गेली. टँकर दोन दिवसांआड यायचा, आणि एकदा चार दिवस आलाच नाही. स्टाफरूमचा माठ कोरडा. हेडमास्तरांना सकाळपासून परीक्षेचं वेळापत्रक करायचं होतं आणि त्यांचा घसा बसला होता. सरवदे सरांनी वॉटरबॅग टेबलावर ठेवली, तिच्या झाकणाचा पेला भरला आणि म्हणाले, "घ्या सर."

हेडमास्तरांनी पेल्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, टँकरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं, आणि आम्ही सगळे वेळापत्रकाकडे पाहायला लागलो. शेवटी ते प्यायले. एक पेला, मग दुसरा. दुष्काळाचे काही उपकार मान्य केले पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, माठ भरला. हेडमास्तरांनी स्वतः पेला बुडवून सरांपुढे धरला. सरांनी घेतला. प्यायले. वॉटरबॅग त्यानंतर दिसली नाही. मला सगळा प्रकार कळायला एवढा कोरडा माठ लागला.

अनुसया ही नववी ब मधली मुलगी. तिची आई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची, आणि शाळा भरायच्या आधी दोन-तीन तास अनुसयाही जायची. तिथून ती थेट वर्गात येई. केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी. पोरांनी तिला 'गिरणी' नाव ठेवलं होतं.

"ए गिरणी, दळण झालं का?"

"गिरणे, आज ज्वारी का गहू?"

एकदा हे रंगात आलं असताना सर दारात उभे राहिले. चष्मा पुसला. "मी आलो तेव्हा काय चाललं होतं?"

मागच्या बाकावरचा एक धीट पोरगा उठून म्हणाला, "सर, त्याला शब्द न्हाई."

"आहे," सर म्हणाले. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: मॉक. टिंगल करणे. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "हा शब्द मला डिक्शनरीत शोधावा लागला नव्हता. आधी भेटला तो. स्पेलिंग मागून कळलं."

मग खाली वाक्य लिहिलं आणि एकेकाला उभं करून म्हणायला लावलं. "वुई वेअर मॉकिंग अनुसया व्हेन सर केम." सतरा जणांनी म्हटलं. सतराही जणांना माफी, नियमच होता तसा. शेवटी सर अनुसयाकडे वळले. "वाक्य तुझ्याबद्दल आहे. तपासायचा हक्क तुझा. बरोबर आहे का?"

अनुसया उभी राहिली. मग म्हणाली, "सर, 'व्हेन' चुकला. तुम्ही आल्यावर न्हाई. मी कामावरून आले तवाच चालू झालतं."

"मग तसं सांग."

"दे वेअर मॉकिंग मी व्हेन आय केम फ्रॉम वर्क."

सरांनी पहिलं वाक्य पुसलं आणि हे लिहिलं. आठवडाभर ते फळ्याच्या कोपऱ्यात तसंच ठेवलं. मी तास घ्यायला जायचो तर अकबराच्या वंशावळीशेजारी ते वाक्य असायचं. टिंगल काही बंद झाली नाही. पण टिंगलीला आता इंग्रजी लागत होतं, आणि शिवाय अनुसया वाक्य तपासायची. त्यामुळे हळूहळू कमी झाली.

आता भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. नवा जिल्हा झाल्यापासून त्यांना जिल्हा परिषदेची स्वप्नं पडत होती, आणि स्वप्नं पडू लागल्यापासून ते भाषणं करत होते. फेब्रुवारीत ते शाळेला भेट द्यायला आले. पाणीटंचाईवर बोलले. अंगणात पोरं तासभर उन्हात. भाऊसाहेब मंडपात. त्यांच्या भाषणात 'नव्या जिल्ह्याची नवी पहाट' अकरा वेळा उगवली. मी मोजत नव्हतो. पोरं मोजत होती, आणि बोटं दाखवत होती.

भाषण संपल्यावर पोरं वर्गात गेली. भाऊसाहेबांचा चहा झाला आणि त्यांना वर्ग बघायची लहर आली. पुढे भाऊसाहेब, बाजूला हेडमास्तर, मागे सरवदे सर आणि सगळ्यात मागे मी, हातात गळ्यातून उतरलेले हार घेऊन. नववी ब च्या दाराशी आलो. आत अनुसया बाकावर उभी होती. गळ्यात दप्तराचे दोन पट्टे हारासारखे, तोंडापुढे डस्टर. "बंधू आणि भगिनींनो! पहाट!" ती म्हणत होती. आवाज थेट भाऊसाहेबांचा. "पानी न्हाई, पर पहाट हाय!" आणि बत्तीस पोरं टाळ्या वाजवत होती.

आम्ही दिसलो तशी ती उतरली. वर्ग गार पडला. भाऊसाहेबांनी शेवटच्या टाळ्या तेवढ्या ऐकल्या असाव्यात, कारण ते खूश दिसत होते. या शाळेची पोरं इंग्रजी बोलतात हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि त्यांना येत असलेला इंग्रजी प्रश्न विचारला. "व्हॉट आर यू डूइंग?"

अनुसयाने सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा मला मागून दिसत नव्हता. मग ती सरळ उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "सर, वुई वेअर मॉकिंग यू व्हेन यू केम इन."

हेडमास्तरांनी डोळे मिटले.

"वा!" भाऊसाहेब म्हणाले. "काय फर्डं बोलून राहिली पोरगी! अर्थ काय व्हो याचा?" आणि ते नेमके माझ्याकडे वळले.

माझी नोकरी तात्पुरती होती, हातात हार होते, आणि समोर एक पोरगी होती जिचं नाव या माणसाने बोट हलवलं तरी पटावरून गेलं असतं. मी म्हणालो, "साहेब, ती म्हणते, आम्ही तुमच्या भाषणाची उजळणी करत होतो."

हे अगदीच खोटं नव्हतं. इतिहासात याहून मोठी असत्यं सनावळीसकट छापलेली आहेत. भाऊसाहेबांनी खिशाचं पेन काढलं आणि अनुसयाला बक्षीस द्यायला पुढे केलं. तिने हात मागे घेतला. बत्तीस पोरं माझ्याकडे बघत होती. त्या खोलीत मी काय केलं ते न कळलेला एकच माणूस होता.

"नाही साहेब," सरवदे सर म्हणाले. "ती म्हणाली, तुम्ही आत आलात तेव्हा आम्ही तुमची टिंगल करत होतो."

पेन हवेतच राहिलं.

"माझ्या वर्गात खरं सांगितलं तर शिक्षा नसते. हा नियम मी केलाय. पोरीनं पाळला."

भाऊसाहेबांनी पेन सावकाश खिशाला लावलं. "आडनाव काय म्हणालात तुमचं?"

"सरवदे."

"हां," भाऊसाहेब म्हणाले.

आमच्याकडे हा प्रश्न आडनाव कळावं म्हणून विचारत नाहीत.

पुढचं सगळं हेडमास्तरांच्या खोलीत झालं. मला साक्षीदार म्हणून बसवलं होतं. कशाचा, ते कुणी सांगितलं नाही. भाऊसाहेबांनी आवाज चढवला नाही. मोठ्या माणसांना चढवावा लागत नाही. "पोरीचं नाव काढा पटावरनं," ते म्हणाले. "इज्जतीचा सवाल हाय."

"साहेब, वाक्य मी शिकवलंय," सर म्हणाले. "काढायचं तर माझं काढा."

"तुमचं काढून काय करू? इंग्रजीला माणूस मिळतो कुठं?" भाऊसाहेबांनी थोडा विचार केला. "मुखेडच्या बाजूला आपली एक शाखा हाय. पत्र्याची. तिथं कुणी टिकत न्हाई."

"जातो मी."

"कायम व्हायचं मग राहील बाजूला. जूनमध्ये तुमची दोन वर्षं भरत होती, न्हाई का?"

"राहू द्या. पण पोरीचं नाव पटावर राहील, एवढं लिहून द्या."

भाऊसाहेब हसले. "लिहून? अहो, माझा शब्द हाय."

"मी मास्तर आहे साहेब. लिहिलेलं असलं म्हणजे तपासता येतं."

मग हेडमास्तरांनी, कुणी सांगायच्या आत, कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज जरा जास्तच झाला. हेडमास्तरांनी वरून हुकूम नसताना केलेलं, माझ्या माहितीतलं, ते एकमेव काम.

बाहेर आल्यावर मी सरांना म्हणालो, "मी निभावून नेलं होतं. तुम्ही कशाला बोललात?"

"तुम्ही पोरीला वाचवायला गेलात, ते कळलं मला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. "पण सर, तिनं किती मेहनतीनं व्हेन लावला होता. तुम्ही तो पार खाऊन टाकला." सायकलचं स्टँड काढता काढता थांबून ते पुढे म्हणाले, "आणि पोरांना तुमचं भाषांतर कळलं होतं. उद्या मी दारात उभा राहून काय विचारलं असतं त्यांना?"

त्यांच्या घरात बायको, दोन मुलं आणि आजारी आई होती. मुखेड म्हणजे दुसरा जिल्हा, तिथून पुढे पुन्हा डोंगराकडचा रस्ता. कायम झाल्याचा कागद हातात आला की जळकोटला दोन खोल्या पक्क्या बांधायच्या, असं ते मला वर्षभर सांगत होते. त्या संध्याकाळी त्यांनी खोल्यांचा विषय काढला नाही. नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी अनुसया स्टाफरूमच्या दारात आली. "सर, मी चुकले का?"

"वाक्यात काय चुकलं, सांग."

तिने मनातल्या मनात वाक्य म्हणून पाहिलं. "कायच न्हाई चुकलं."

"मग?"

"आई म्हनती, आता शाळा बास. तिथं लई मोठी मानसं नाराज झालीत."

"आईला सांग," सर म्हणाले, "तुझं नाव पटावर राहावं म्हणून एक माणूस बिस्तरा बांधून मुखेडला निघालाय. आता तू आली नाहीस तर त्याचा बिस्तरा उगाच बांधला जाईल."

अनुसया हसली. मग रडली. सरांनी तिला रडू दिलं आणि फळ्यासाठी खडू मोजत बसल्याचं सोंग केलं. खडू तीन होते. मोजायला त्यांना बराच वेळ लागला.

ते गेल्यावर नववी ब चं इंग्रजी माझ्याकडे आलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो आणि विचारलं, मी आलो तेव्हा काय चाललं होतं? मागच्या बाकावरचा तोच धीट पोरगा उठला. त्याच्या वाक्यात 'मॉकिंग' होतं आणि माझं नाव होतं. पूर्ण वाक्य होतं. मी माफी दिली. नोकरीची पुढची पंचवीस-तीस वर्षं मी तो प्रश्न विचारत आलो, आणि माझ्याबद्दल जे काही खरं मला कळलं ते बहुतेक त्या दारातच कळलं. त्याबद्दल मी सरांचे आभार मानायला हवे होते. मी मानले नाहीत. आपल्याकडे आभार मानायला व्यासपीठ लागतं, आणि सरांना कुणी कधी व्यासपीठावर बोलावलं नाही.

शेवटची भेट मुखेडला झाली. मी एका नातेवाइकाच्या सोयरिकीसाठी गेलो होतो. बाजाराचा दिवस, जुलै महिना, आणि आभाळ धुतल्यासारखं मोकळं. एसटी स्टँडवर शेळ्या, पोती आणि माणसं एकाच सावलीला उभी होती. त्यात सर दिसले. शर्ट पांढरा, इस्त्री तीच. बगलेत गुंडाळीचा नवा फळा.

"कायम झालात का?" मी विचारलं.

"तात्पुरताच आहे. पण तात्पुरता टिकलोय," ते म्हणाले. "तिथं आधीचे तिघं टिकले नव्हते."

"पोरं कशी आहेत?"

"मराठीत अर्धी तेलुगू मिसळतात. खरं मात्र लई बोलतात. इंग्रजी तेवढं यायचंय."

जळकोटच्या खोल्यांबद्दल विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. गर्दीत फळा उभा धरून ते आत शिरले, आणि खिडकीची जागा मिळाल्यावर डोकं बाहेर काढून ओरडले, "अनुसयाचं काय झालं? दहावीला होती ना औंदा?"

"पास झाली!" मी ओरडलो.

"इंग्रजीत किती?"

"पस्तीस!"

पस्तीस म्हणजे काठावर पास. एक मार्क कमी पडता तर नापास. पण सरांचा चेहरा असा उजळला की शेजारच्या बाईने पोतं सरकवून त्यांच्याकडे पाहिलं. "पस्तीस! म्हणजे व्हेन लावला असणार तिनं," ते म्हणाले. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली, आणि ते खिडकीतून हात हलवत राहिले. मीही हलवला.

दहावीच्या त्या इंग्रजीच्या पेपरला आमच्या केंद्रावर मी पर्यवेक्षक होतो. प्रश्नपत्रिका मी दोनदा वाचली होती. चालू भूतकाळावर तिच्यात एकही प्रश्न नव्हता.